कुणाचं म्हणणं 'लोकमत' आणि कुणाचं म्हणणं 'दंगल'?

कोरोनाच्या काळातल्या निर्बंधांवर आता पुस्तकं येऊ लागली आहेत, परिसंवाद होताहेत. मास्कची सक्ती योग्य होती का, दुकानं बंद ठेवायला हवी होती का, लोकांना काय वाटत होतं, याची चर्चा होते. ती वाचताना एक गोष्ट सतत खटकते. 'लोकांना काय वाटत होतं' म्हणून जे मांडलं जातं ते बहुतेक वेळा व्यापारी महासंघाचं निवेदन असतं, हॉटेलमालकांच्या संघटनेची पत्रकार परिषद असते, किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा वाद असतो. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा कामगार, घंटागाडीवरचा कंत्राटी पोरगा, खुर्ची-आरशाचं सलून चालवणारा नाभिक, यांना मत नसतंच. त्यांची 'परिस्थिती' असते. मत शहाण्यांना आणि हाल गरिबांचे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी कोरोनाने केलेली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या इतिहासातही ती जशीच्या तशी आहे. म्हणून आधी तिकडे जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण ओळखले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला. रुग्णाला सक्तीने इस्पितळात न्यायचं, घरात घुसून सफाई करायची, लागेल ते जाळायचं. युरोपातली बंदरं मुंबईचा माल नाकारतील ही भीती त्यामागे होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये तर व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कापसाचा व्यापार वाचवायचा होता, म्हणून चाळींवर धाड पडली. माणसं वाचवायचा हेतू नव्हताच असं मी म्हणत नाही. पण घाई कशाची होती हे विसरून चालणार नाही.

या नियमांवर कामगारांनी आपलं मत दिलं. ते निवेदन देऊन दिलं नाही, कारण निवेदन कोण घेणार होतं? २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. इतिहासाच्या पुस्तकांत याची नोंद 'दंगल' अशी आहे आणि कारण म्हणून 'अफवा' दिलेल्या आहेत. अफवा होत्या हे खरंच. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं, त्याचा सूड म्हणून इस्पितळात माणसांची काळिजं काढतात, अशी बोलवा होती. (डांबर फासणारे कोण, तर पुढे दामोदर चाफेकरने ती आपलीच करणी असल्याचं लिहून ठेवलं. आणि काळजाची भीती बसली परळ-भायखळ्याच्या चाळीतल्या माणसाला!) पण अफवेच्या आत काय होतं ते बघा. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, हे त्या चाळीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तिथे नेलेले बहुतेक शेवटच्या अवस्थेतच पोहोचत. घरचा कमावता नेला की त्याचा रोज बुडे आणि खोलीतलं किडुकमिडुक जाळलं जाई. त्याची भरपाई मागायची कुणाकडे? हा अनुभव होता आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही होता. आपण त्याला मत म्हणत नाही, कारण तो संपादकीयाच्या भाषेत आलेला नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग आपल्या कार्यकर्त्यांनासुद्धा फारसा माहीत नसतो. महिन्याभरातच स्नो यांनी नियम सैल केले. हल्ल्याचा धाक होताच, पण कमिशनरला त्याहून मोठी भीती होती ती हलालखोरांची. हलालखोर म्हणजे मैला उचलणारे, नाल्या-संडास साफ करणारे, शहरातल्या सगळ्यात खालच्या जातींचे कामगार. घाबरून शहरातले हजारो लोक गावाकडे पळत होते आणि ही माणसंही निघून गेली तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे प्रशासनाला स्वच्छ दिसत होतं. या कामगारांनी १८८९ मध्ये संप केलेला होता. त्यानंतर १८९० मध्ये म्युनिसिपल नोकरांनी नोटीस दिल्याशिवाय काम सोडणं हा गुन्हा ठरवणारा कायदाही आला होता. तरी प्लेगच्या दिवसांत कायद्याचा धाक पुरेना. ज्यांची सावली नको होती त्यांचा पाय शहरात टिकावा म्हणून साम्राज्याला नियम बदलावे लागले.

आपल्याकडच्या इतिहासात 'प्लेगच्या जुलमाविरुद्ध जनतेचा आवाज' म्हटलं की केसरीचे अग्रलेख येतात. ज्या आवाजाने मुंबईतला नियम खरोखर वाकवला तो अग्रलेखात नव्हता.

नियम सैल झाला म्हणजे काय झालं तेही पाहिलं पाहिजे. घरात नीट वेगळं ठेवायची सोय असेल तर रुग्णाला इस्पितळात न्यायचं नाही, अशी सवलत मिळाली. म्हणजे ज्याच्या घरात चार खोल्या होत्या त्याची सुटका झाली. एका खोलीत दहाजण राहणाऱ्याला सोय कुठून असणार? चळवळ खालच्यांच्या दबावाने झाली आणि सवलत वरच्यांच्या घरात गेली. २०२० मध्ये 'होम आयसोलेशन'साठी वेगळी खोली आणि शक्यतो वेगळा संडास हवा असं सांगितलं गेलं, तेव्हा मला स्नो साहेबाचा हा नियम आठवला.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. चार कलमांचा, अगदी छोटा कायदा. सरकारला साथीत हवे ते नियम करता येतील, नियम मोडला तर भारतीय दंडविधानाच्या १८८ कलमाखाली शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. बस. ज्याचा रोजगार बुडेल त्याला काय मिळेल, ज्याचं घर पाडाल त्याला कुठे ठेवाल, लोकांना विचारायचं कसं, याबद्दल अक्षर नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने हाच कायदा बाहेर काढला. मध्ये बाबासाहेबांनी लिहिलेली राज्यघटना येऊन सत्तर वर्षं झाली होती आणि साथीत नागरिकाशी कसं वागायचं याचा कायदा मात्र राणीच्याच काळातला होता. २२ एप्रिल २०२० ला केंद्राने त्यात वटहुकमाने दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुरुस्ती हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण दुरुस्तीला हात घातलाच होता तर बुडालेल्या मजुरीचं एक कलम घालायला काय हरकत होती?

आता पुणे. १३ मार्च १८९७ पासून रँडच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरझडती सुरू केली आणि मे महिन्यापर्यंत ती चालली. सैनिक स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आलं. अत्याचार झाले, यात शंका घ्यायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून प्लेग इस्पितळातल्या व्यवस्थेवर, विशेषतः बायकांच्या सुरक्षिततेवर, उघड आरोप केले. सरकारने ते फेटाळले. तिकडे विलायतेत गोखल्यांनी पुण्यातल्या अत्याचारांबद्दल आरोप केले, नंतर पुरावा देता येईना तेव्हा माफी मागितली. रमाबाईंनी माघार घेतली नाही. धर्मांतर केलेली, ब्राह्मण समाजाने वाळीत टाकलेली एक बाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात का येत नाही, त्याचं उत्तर मी वाचकांवर सोडतो.

पण पुण्यातल्या संतापाची दुसरी बाजूही आहे. त्यातला किती संताप माणसाच्या अब्रूचा होता आणि किती सोवळ्याचा? चाफेकरांच्या रागाचं एक मोठं कारण धर्मभ्रष्टतेचं होतं. सोजीर घरात आला, देवाला हात लागला, विटाळ झाला. २२ जून १८९७ ला रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि प्लेगचा सगळा इतिहास त्या गोळीभोवती गोळा झाला. टिळकांच्या बाबतीत न्यायाने सांगायला हवं की ते पुढाऱ्यांसारखे शहर सोडून पळाले नाहीत, त्यांनी हिंदूंसाठी प्लेग इस्पितळ काढलं, सफाईच्या गरजेला सरसकट विरोधही केला नाही. त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली ती वसाहतीच्या सरकारचा अन्यायच होता. माझा मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्याने आपल्या घरात शिरून विटाळ केला याचा धक्का ज्यांना बसला, त्यांनी शतकानुशतकं दुसऱ्यांना गावाबाहेर ठेवलं होतं. महारवाड्याला सेग्रिगेशन ही नवी गोष्ट नव्हती.

आणि त्या महारवाड्यात साथीच्या नियमांबद्दल काय म्हणणं होतं? त्याची छापील नोंद मिळणं कठीण. जे मिळतं ते कृतीतून मिळतं. सावित्रीबाईंनी मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून पुण्याबाहेर, ससाणे मळ्याच्या परिसरात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला, त्याला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या. तारखा शेजारी ठेवून पाहा. रँडची झडती सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. म्हणजे सरकारचे सैनिक आणि केसरीचे अग्रलेख एकमेकांसमोर उभे राहायच्या आधीच साथीत काय करायचं याचा एक तिसरा विचार पुण्यात प्रत्यक्षात चाललेला होता. रुग्णाला वेगळं ठेवायचं, गावाबाहेरच ठेवायचं. यशवंतचा दवाखाना म्हणजे विलगीकरणच होतं. पण त्याला न्यायला संगीन नाही, पाठ होती. सावित्रीबाईंचं शहीदत्व आपण पोस्टरवर आणतो. त्यांच्या कामातली आरोग्यविषयक भूमिका मात्र आपण मांडत नाही. विलगीकरणाला त्यांचा विरोध नव्हता आणि सक्तीवर त्यांची भिस्त नव्हती.

त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारी १८९७ ला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले. 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांच्या पहिल्या संघटनेचे पुढारी, रविवारची सुट्टी मिळवून देणारे सत्यशोधक. कामगारवस्तीत प्लेगग्रस्तांसाठी धावपळ करता करता ते गेले. सत्यशोधक चळवळीचे दोन आधार एका महिन्यात कोसळले. जी पत्रं आणि जी माणसं कामगारांचं मत छापू शकली असती त्यांनाच साथीने गाठलं, हेही आपला आवाज कागदावर न येण्याचं एक कारण आहे.

कागदावर आला नाही तरी बाजारात आला. १८९७ च्या सुरुवातीला मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती शहर सोडून गेली तेव्हा गिरण्यांना हात मिळेनात. एरवी गिरणीवाले महिन्याचा पगार थकवून कामगाराला बांधून ठेवत. आता कामगार म्हणाले, रोजचा रोज द्या. रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरीचे लिलाव होऊ लागले, एक गिरणी दुसऱ्या गिरणीच्या माणसांना जास्त पैसे देऊन पळवू लागली. मालकांना यावर आपापसांत बंधनं घालायची वेळ आली. साथीत धंदा चालू ठेवायचा की नाही, या प्रश्नावर कामगाराचं उत्तर स्पष्ट होतं. चालू ठेवायचा असेल तर जोखमीचा भाव द्या.

१८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात मुस्लिम विणकरांनी तपासणी पथकाला अडवलं, त्यातून गोळीबार झाला. त्याच वर्षी शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. आरोग्याच्या नावाखाली दाट वस्त्या पाडायचा अधिकार त्याला मिळाला. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. पाडलेल्या वस्तीतली माणसं शेजारच्या चाळीत कोंबली गेली. पुढे याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब आपल्या कुटुंबासह अनेक वर्षं राहिले.

१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हाही ते मुंबईत होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच्या थोडं आधी, ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. प्लेगमध्ये सरकारने नको इतकं केलं होतं, आता जवळजवळ काहीच केलं नाही. गर्दी टाळा, हवेशीर जागेत झोपा असा सल्ला. बरीचशी मदत सेवाभावी मंडळांनी केली. आणि मृत्यूचा हिशोब जातवार निघाला. दर हजारी युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि ज्यांना अहवालात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलं ते ६१.६.

पुन्हा वाचा. सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून जास्त. विषाणूला जात कळत नाही असं २०२० मध्ये कितीतरी भाषणांत ऐकलं. विषाणूला नसेल कळत. खोलीला कळते, नळाला कळते, कामाला कळते.

त्याच वर्षी पाऊस नव्हता, धान्य महागलं होतं. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. साथीतून उठलेला कामगार महागाईभत्ता मागत रस्त्यावर आला. त्याच जानेवारीत, २७ तारखेला, बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडायचा हक्क मागितला. दोन्हींचा थेट संबंध होता असा माझा दावा नाही. पण ६१.६ चा आकडा ज्या शहरात निघाला त्याच शहरात 'आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये' ही मागणी उभी राहिली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आणि त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, मास्कविरोधी लीग स्थापन झाली होती. सभेला दोनेक हजार माणसं आली असं सांगतात. १ फेब्रुवारी १९१९ ला तिथली मास्कसक्ती उठली. तिथल्या महापौराला बॉक्सिंगचा सामना बघताना मास्क नव्हता म्हणून पन्नास डॉलर दंड झाला होता. निदान महापौराला दंड झाला हो! कोरोनाकाळात मास्कविना सभा घेणाऱ्या आपल्या किती पुढाऱ्यांनी पावती फाडली? असो. मुद्दा असा की मास्कवरचा वाद म्हणून जगाला जो आठवतो तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या मध्यमवर्गाच्या स्वातंत्र्याचा वाद आहे. मुंबईच्या चाळीतल्या प्रश्नाला तो लागू पडत नाही.

आपल्याकडच्या काही पोरांनी २०२० मध्ये मास्कची तुलना पेशवाईतल्या गळ्यातल्या मडक्याशी केली होती. भावना समजते, तुलना चुकीची आहे. मडकं एका जातीच्या गळ्यात होतं, दुसऱ्या जातीला विटाळ होऊ नये म्हणून. मास्क सगळ्यांच्या तोंडावर होता आणि माझ्या मास्कने तुझं रक्षण, तुझ्या मास्कने माझं, असा तो व्यवहार होता. याहून मैत्रीची गोष्ट दुसरी कुठली? 'सोशल डिस्टन्सिंग' या शब्दाला आपण घेतलेला आक्षेप मात्र बरोबर होता. शारीरिक अंतर म्हणा, सामाजिक अंतर या देशाला शिकवायची गरज नाही.

मास्कच्या नियमात विषमता होती ती दंडात. ८ एप्रिल २०२० ला मुंबईत मास्क सक्तीचा झाला. दंड आधी हजार रुपये ठेवला, सप्टेंबरमध्ये दोनशे केला. हजार रुपये म्हणजे एकाला हॉटेलातलं एक जेवण आणि दुसऱ्याला दोन-तीन दिवसांची मजुरी, तीही मिळाली तर. काचा वर केलेल्या गाडीतल्या माणसाला मार्शल अडवत नाही, पाटीवर बसलेली बाई हाताशी असते. आम्ही शिधावाटप करत होतो त्या वस्तीत एक भाजीवाली मला म्हणाली होती, मास्कला माझं काही नाही बाबा, पण दिवसभर ओरडून माल विकायचा तर तो ओला होतो, मला दोन द्या. तिचं हे मत कुठल्याही मास्कविरोधी किंवा मास्कसमर्थक लेखापेक्षा शहाणपणाचं होतं. सक्ती मान्य, साधन द्या.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला अंतराचा नियम पाळायचा कसा हे कुणी सांगितलं नव्हतं. नियम चुकीचा नव्हता, तो ज्या घराची कल्पना करून लिहिला ते घर आमचं नव्हतं.

धंद्यावरच्या निर्बंधांचं तर विचारूच नका. मे २०२० च्या सुरुवातीला राज्यात दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली, कारण तिजोरीत उत्पादनशुल्क येतं. सलून उघडायला २८ जून उजाडला, तेही फक्त केस कापायला, दाढी नाही. तीन महिने नाभिक समाज घरी बसला. हा समाज म्हणजे उद्योगपतींची संघटना नव्हे की मंत्रालयात बैठक लागेल. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सलून बंद झाली तेव्हा नाभिक रस्त्यावर आले, आणि त्यांच्या आंदोलनाला वर्तमानपत्रात जागा मिळाली ती व्यापाऱ्यांच्या बातमीखाली, चार ओळी.

१४ एप्रिल २०२० या दिवशीचं चित्र आठवून पाहा. बाबासाहेबांची जयंती आपण सगळ्यांनी घरात साजरी केली. ज्या समाजाला 'गर्दी करणारा' म्हणून हिणवलं जातं त्याने मिरवणूक काढली नाही, त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला न येता घरातूनच वंदन करावं हे आवाहन पाळलं, दीक्षाभूमीला गेला नाही. ही शिस्त म्हणजेही मत होतं, पण त्याची दखल कुणी घेतली नाही. आणि त्याच १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर हजारो परप्रांतीय मजूर जमले. गावी सोडा, नाहीतर खायला द्या. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर ते 'कट' झालं होतं. १८९६ च्या आर्थर रोडला 'अफवा', २०२० च्या वांद्र्याला 'कट'. मजुराने विचार करून काही केलं असेल ही शक्यता सोडून बाकी सगळी कारणं सापडतात. पुढच्या महिन्यात, ८ मे ला, करमाडजवळ रेल्वेरुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले.

आपल्या चळवळीतही एकमत नव्हतं, आणि ते लपवायचं कारण नाही. वंचित बहुजन आघाडीने ऑगस्ट २०२० मध्ये एसटी आणि शहरातली बससेवा सुरू करावी म्हणून डफली बजाव आंदोलन केलं. ३१ ऑगस्टला बाळासाहेब आंबेडकर वारकऱ्यांसोबत पंढरपुरात गेले, मंदिर उघडा ही मागणी घेऊन. त्यावर आपल्यातच रण माजलं. बौद्ध पुढाऱ्याने मंदिरासाठी का जावं, हा एक आक्षेप. साथ भरात असताना गर्दी का, हा दुसरा. पहिला आक्षेप मला पटत नाही. पंढरपूरचं मंदिर बंद म्हणजे बुक्केवाला, तुळशीवाली, चुरमुरे-बत्ताशे विकणारा, होडीवाला, मठाबाहेर चहा विकणारा, सगळे बंद. बहुजनांचं पोट तिथे अडकलेलं आहे. दुसरा आक्षेप मला पटतो. माझं म्हणणं असं की डफलीची मागणी जास्त नेमकी होती. एसटी बंद असेल तर फाटका माणूस अडकतो, गाडीवाला नाही. ती मागणी लावून धरली असती आणि त्याला बुडालेल्या रोजाची मागणी जोडली असती, तर राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातल्या 'मंदिर की बार' या पत्रापत्रीत आपला मुद्दा वाहून गेला नसता. धार्मिक स्थळं पुढे १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. बुडालेल्या रोजाचा विषय बंदच राहिला.

नाही म्हणायला एप्रिल २०२१ मध्ये तो थोडा उघडला. 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध १४ एप्रिलच्या रात्री आठपासून लागू झाले, पुन्हा जयंतीलाच. आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं साहाय्य जाहीर केलं. अन्नसुरक्षेखालच्या सात कोटी लोकांना महिनाभर गहू-तांदूळ मोफत, शिवभोजन मोफत, आणि फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम कामगार, घरेलू कामगार यांना प्रत्येकी दीड हजार रुपये. हा बदल मी छोटा मानत नाही. १८९७ च्या कायद्याला जे सुचलं नव्हतं ते इथे पहिल्यांदा निर्बंधांच्या घोषणेतच आलं. दीड हजारात महिना निघत नाही हे उघड आहे, पण सगळ्यात मोठा घोळ रकमेत नव्हता, 'नोंदणीकृत' या एका शब्दात होता. घरेलू कामगार बाईची नोंदणी असते का? नाका कामगाराला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कोण देतो? फेरीवाल्यांची नोंद म्हणजे महापालिकेने कधीतरी केलेलं सर्वेक्षण, आणि त्यातून सुटलेल्यांची संख्या त्यात सापडलेल्यांपेक्षा जास्त. आमच्या भागातल्या ज्या भाजीवालीने दोन मास्क मागितले होते तिच्याकडे नगरपालिकेची दंडाच्या पावत्यांची जाडजूड गड्डी होती, अतिक्रमणच्या गाडीने माल उचलल्याच्या. दंड घेताना ती फेरीवाली होती, दीड हजार देताना नव्हती.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले तेव्हा सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एका टेबलावर बसायची त्रिपक्षीय परिषद नुकतीच आकार घेत होती. ती पद्धत रुजवण्याचं, तिला स्थायी समितीची जोड देण्याचं काम त्यांच्या काळात झालं. कामगाराच्या वतीने विचार करणारा दयाळू अधिकारी त्यांना पुरेसा वाटला नाही, टेबलावर कामगाराची खुर्ची हवी होती. साथीच्या निर्बंधांना हे तत्त्व आजवर कुणी लावलेलं नाही. टास्क फोर्समध्ये डॉक्टर होते, त्यांच्याबद्दल आदरच आहे. बैठकांना व्यापारी संघटना, हॉटेलवाले, जिमवाले, नाट्यनिर्माते बोलावले गेले. सफाई कामगार बोलावल्याचं आपण कधी ऐकलं?

खुर्चीची तरतूद एका कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवं. बाजार कधी बंद, कुठे हलवायचा, किती अंतरावर बसायचं, हे ठरवताना विचारायची हक्काची जागा हीच होती. तेव्हा कार्यकर्त्या मित्रांनो, आपापल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. नमुना अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मार्च २०२० ते जून २०२१ या काळात नगर पथविक्रेता समितीच्या किती बैठका झाल्या, निर्बंधांचा विषय त्यांपैकी किती बैठकांत आला, आणि उपस्थितीच्या नोंदवहीत फेरीवाल्या प्रतिनिधींच्या किती सह्या आहेत, एवढे तीन प्रश्न. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलेली उत्तरं मला पाठवा, जिल्हावार एकत्र करू.